मदत हवी आहे : जुन्या डायव्हिंग क्लबच्या पॅचचा काळ कसा ठरवावा?

नमस्कार मंडळी. सांगलीतल्या एका संग्रहातल्या कापडी पॅचची नोंद करायची आहे, पण काळ ठरत नाही. गोल, साधारण ८ सेंमी, ट्विलवर मशीनचं भरतकाम. 'सब-अ‍ॅक्वा क्लब' एवढी इंग्रजी अक्षरं लागतात. खाली शाखेचं नाव होतं तिथला दोरा निघून गेलाय, नुसती सुईची भोकं उरली आहेत. मधे लाल झेंडा, त्यावर तिरका पांढरा पट्टा.

घोडं इथेच अडलंय. हा झेंडा म्हणजे 'खाली डायव्हर आहे' अशी खूण, १९५० च्या दशकातली, अमेरिकेतली. 'सब-अ‍ॅक्वा' (पाण्याखालचा) ही मात्र ब्रिटिश धाटणी. ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब १९५३ चा. जहाजांच्या निळ्या-पांढऱ्या 'ए' झेंड्याला हाच 'पाणबुड्या खाली आहे' हा अर्थ मिळाला तो १९६५ च्या आंतरराष्ट्रीय संकेतसंहितेत, १९६९ पासून लागू.

तपासून झालेलं : कड ओव्हरलॉकची जाड नाही, सॅटिन टाक्याने बंद करून कापलेली. मागे प्लास्टिकचा थर नाही. सुटा धागा जाळला तर कागदासारखा जळून राख झाली, कृत्रिम धाग्यासारखी वितळून गोळी धरली नाही. म्हणजे रेयॉन किंवा सुती. गणपती पेठेतल्या दुकानात नोटा तपासायच्या यूव्ही दिव्याखाली पांढरा पट्टा चमकला (ही नव्या धाग्याची खूण मानतात), पण धुण्याच्या पावडरीनेही सुती धागा तसाच चमकतो, म्हणून तो पुरावा धरत नाही.

पॅच धुवायचा किंवा उसवायचा नाही. किंमतही नको, फक्त काळ हवा. दोन्ही बाजूंचे फोटो देतो.

१९६९ च्या आधी ब्रिटिश धाटणीच्या एखाद्या क्लबने हा लाल-पांढरा झेंडा पॅचवर वापरलेला कुणी पाहिला आहे का, आणि त्याची कड कशी होती?