नांदेडहून छत्रपती संभाजीनगर: आईवडिलांसह तीन दिवस

प्रश्न: सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांना वेरूळ, घृष्णेश्वर आणि अजिंठा दाखवायचा आहे. आईचे गुडघे दुखतात. वार कसे ठरवावेत आणि मुक्काम कुठे करावा, हे कृपया सुचवावे.

उत्तर १: आधी वार पाहावेत, कारण अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते. आम्ही चौकशी न करता सोमवारी फर्दापूरपर्यंत जाऊन परतलो, तेव्हाचा वडिलांचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. तपोवन एक्सप्रेसने दिवसा यावे आणि रेल्वे स्थानकाजवळ, लिफ्ट असलेल्या ठिकाणीच उतरावे.

उत्तर २: अजिंठा शहरापासून सुमारे १०० किलोमीटर असल्याने त्यासाठी पूर्ण दिवस राखावा. खासगी गाडी फर्दापूर तिठ्यावर ठेवून पुढचे सुमारे ४ किलोमीटर बसने जावे लागते, आणि त्यानंतर पायऱ्या असल्यामुळे आईंसाठी डोली करावी. मात्र दर आधीच ठरवून घ्यावा. वेरूळ जेमतेम ३० किलोमीटरवर असून कैलास लेणे प्रवेशद्वारासमोरच आहे, त्यामुळे तिथे त्यांना फारसे चालावे लागणार नाही. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगाने जावे लागते, हे वडिलांना आधी सांगून ठेवावे.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. बुधवार ते शुक्रवार जाण्याचे ठरवले असून आजच आरक्षण करतो.