फ्योर्डला मराठीत काय म्हणायचं? मदत हवी आहे

मंडळी, सातवीतल्या भाचीसाठी नॉर्वेवर छोटा लेख मराठीत लिहितेय आणि फ्योर्ड या शब्दापाशीच अडकलेय. आधी सरळ खाडी लिहिलं पण मनाला पटेना, कारण आपली दाभोळची नाहीतर जयगडची खाडी म्हणजे नदीच्या मुखातून आत शिरलेला समुद्र, आणि फ्योर्ड म्हणजे हिमनदीने डोंगर खरवडून केलेली खोल दरी, बर्फ वितळल्यावर तिच्यात समुद्र आला. सोग्नेफ्योर्ड तर २०० किमीपेक्षा लांब, १३०० मीटरपर्यंत खोल, आणि तोंडाशी मात्र उथळ, हे वाचून मी थक्कच झाले!

बरं मूळ शब्दात बर्फाचा पत्ताच नाही. जुन्या नॉर्स भाषेतला हा शब्द पार जाणे, प्रवास करणे या अर्थाशी जोडलेला, आपल्या 'पार'शी त्याचं लांबचं नातं आहे म्हणे. नॉर्वेत टिरिफ्योर्डसारखी गोड्या पाण्याची तळीसुद्धा फ्योर्डच.

मग हिमखाडी लिहू का? पण त्याने पाणी गोठलेलं असेल असं वाटतं ना मुलांना? की फ्योर्डच ठेवून खाली समजावू? भूगोल शिकवणाऱ्या कुणी वर्गात कुठला शब्द वापरता ते प्लीज सांगा, रविवारपर्यंत लेख द्यायचाय.