काडेपेटीवाल्या मुलीच्या गोष्टीवरून अलंकार आणि प्रयोग: कसं बसवायचं?

नववी_मराठी: हान्स ख्रिश्चन अँडरसनची १८४५ची गोष्ट घ्यायचा विचार आहे. वर्षाची शेवटची रात्र, बर्फात अनवाणी काड्या विकणारी पोर. मार बसेल म्हणून ती घरी जात नाही, उबेसाठी काड्या ओढते, उजेडात तिला शेगडी, मेजवानी, मेलेली आजी दिसते आणि शेवटी ती गारठून मरते. ३५ मिनिटांच्या दोनच तासिका आहेत. उपमा, उत्प्रेक्षा (‘जणू’ ते दुसरंच आहे अशी कल्पना), चेतनगुणोक्ती (निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते) आणि तिन्ही प्रयोग (कर्तरी, कर्मणी, भावे) यातून निघतील का? आत उजळलेल्या खिडक्या, बाहेर उपाशी मुलगी, याला विरोधाभास म्हणायचं ना?

उपमेय: नाही म्हणायचं. विरोधाभासात एकाच विधानात विसंगती भासते आणि अर्थ लावला की ती सुटते. इथे दोन परिस्थिती नुसत्या शेजारी ठेवल्यात, तो विरोध. उत्तरपत्रिकेत हमखास चुकणारी जागा.

उपमा सरळ आहे: ‘ज्योत छोट्या मेणबत्तीसारखी उजळ होती.’ उपमेय ज्योत, उपमान मेणबत्ती, साधर्म्यवाचक ‘सारखी’, समान धर्म उजळपणा. ही चारही अंगं मुलांकडूनच काढून घ्या. चेतनगुणोक्तीसाठी पाठीत सुरी-काटा खुपसलेलं, ताटातून उतरून चालत येणारं भाजलेलं हंस घेऊ नका. तो तिला होणारा भास आहे आणि वर्गात फुकट वाद होतो. त्यापेक्षा छपराच्या फटींतून शिरणारा वारा घ्या: ‘वारा फटीफटीतून आत डोकावत होता.’

कर्ता_कर्म: प्रयोगांसाठी ही गोष्ट जरा फसवी आहे. क्रियापद कर्त्याप्रमाणे बदललं तर कर्तरी, कर्माप्रमाणे बदललं तर कर्मणी, दोघांप्रमाणेही नाही तर भावे. मुलगी, काडी, आजी, सगळं स्त्रीलिंगी! ‘तिने काडी ओढली’ यात क्रियापद कोणामागे गेलं ते दिसतच नाही, मुलं बिनधास्त कर्तरी लिहितात. म्हणून आधी कर्ता बदला: ‘मुलाने काडी ओढली.’ क्रियापद हललं नाही. मग कर्म बदला: ‘तिने दिवा लावला.’ हललं. म्हणजे कर्मणी.

भावेसाठी ‘तिने आजीला पाहिले’. दोघी स्त्रीलिंगी, तरी क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी. लगेच पुढे ‘तिने आजीला हाक मारली’ द्या. ‘आजीला’ दिसलं की अर्धा वर्ग भावे म्हणतो, पण कर्म ‘हाक’ आहे, म्हणून कर्मणी. कर्तरीला ‘ती कोपऱ्यात बसली’ पुरे. ‘आजी सांगत असे’ आलं की रीती भूतकाळही (पूर्वीची नेहमीची सवय सांगणारा) जाता जाता उरकतो.

भ्रमर: उत्प्रेक्षेबद्दल. ‘जणू ती लोखंडी शेगडीपुढेच बसली होती’ इथवर उत्प्रेक्षा ठीक. पण पुढे ती शेकायला पाय पसरते. ज्योतीलाच शेगडी समजून तशी कृती झाली की तो भ्रांतिमान. पाय पसरण्याचं वाक्य उताऱ्यात ठेवणार असाल तर दोन्ही शिकवा, नाहीतर ते गाळा. उतारा शंभर-सव्वाशे शब्दांचा स्वतःच बेतून लिहा. आणि शेवट वाचून झाल्या झाल्या व्याकरण नको. पहिली तासिका वाचन आणि अलंकार, प्रयोग दुसरीत.

नववी_मराठी: ‘मारापायी तिला घरी जाववेना’ हे घातलं तर?

कर्ता_कर्म: शक्य क्रियापद (करता येतं की नाही ते सांगणारं), भावे प्रयोग. घाला, पण ‘तिने आजीला पाहिले’ पक्कं झाल्यावर. इथे कर्मच नाही आणि कर्त्याला ‘ला’ लागलाय, त्यामुळे आधी दिलंत तर ‘तिला’ला कर्म ठरवतील.