रॅप्टर 700आर : लांब ए-आर्म बसवल्यापासून पुढचा शॉक तळाला आपटतो

मस्कतवासी

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे जुनी यामाहा रॅप्टर 700आर ही चार चाकांची क्वाड बाइक आहे आणि ती मुख्यतः मस्कतमधल्या बौशरच्या वाळूत चालते. जोरात वळताना आतली चाके उचलली जात, म्हणून इथल्या एका वर्कशॉपमधून पुढचे वरचे-खालचे ए-आर्म (चाक चेसिसला जोडणारे त्रिकोणी दांडे) दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच लांब करून घेतले आणि त्या मापाने टाय रॉडही (हँडलचे वळण चाकापर्यंत नेणारे दांडे) लांब केले. वळणात गाडी आता ठाम बसते, यात शंका नाही. परंतु पूर्वी ज्या उंचवट्यांवरून ती सहज उतरत असे, तिथे आता पुढचे शॉक (शॉक अॅब्सॉर्बर) पूर्ण दबून तळाला आपटतात आणि एकाच चाकाला दणका बसला तर हँडल हातातून निसटू पाहते. प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी, रिंग जवळजवळ शेवटपर्यंत आवळून पाहिली. त्याने पुढचा भाग उंच झाला, वाळूतल्या लहान लाटांवर चाके उड्या मारू लागली, पण आपटणे मात्र थांबले नाही.

शॉक तोच, स्प्रिंग तीच, वजनही तेच. मग दोन इंचांनी एवढा फरक कसा पडला? ‘नवे शॉक घ्या’ हे उत्तर वर्कशॉपने दिलेच आहे. मला कारण समजून घ्यायचे आहे.

टूलरूम_चाकण

शॉक कदाचित पूर्णपणे ठणठणीत असतील. आधी रचना पाहू, कारण उत्तर तिथेच आहे.

स्पोर्ट क्वाडमध्ये इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना मिळते, त्यामुळे पुढच्या चाकांना ड्राइव्ह शाफ्टचा अडथळा नसतो आणि त्यांची मांडणी निव्वळ वळणे व दणके पचवणे या दोन कामांसाठी करता येते. प्रत्येक चाकाला वर एक व खाली एक असे दोन ए-आर्म असतात. त्यांची रुंद बाजू चेसिसवर बुशमध्ये फिरते आणि निमुळत्या टोकांवरचे बॉल जॉइंट चाकाच्या नकलला (ज्या भागावर चाक बसते त्याला) धरून ठेवतात. वरचा आर्म सहसा खालच्यापेक्षा आखूड असतो, म्हणून चाक वर जाताना त्याचा माथा किंचित आत झुकतो आणि गाडी वळणात कलली तरी बाहेरच्या टायरचा पट्टा जमिनीवर बऱ्यापैकी सपाट राहतो. मागचा अॅक्सल एकसंध असतो, त्याला डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसते. गाडी सरळ रेटत नेण्याची त्याची खोड मोडण्याचे काम पुढच्या टायरांच्या पकडीलाच करावे लागते.

आता तुमच्या अडचणीकडे. शॉकचे खालचे टोक चाकाशी नसून आर्मच्या मध्ये कुठेतरी बोल्टने जोडलेले असते. त्यामुळे चाक 100 मिमी वर गेले तर शॉक त्याहून पुष्कळ कमी दबतो. या दोन हालचालींच्या गुणोत्तरावर सगळा खेळ आहे, आणि चाकापाशी जाणवणारा कडकपणा या गुणोत्तराच्या वर्गाने बदलतो: एकदा स्प्रिंग कमी दबते म्हणून, आणि दुसऱ्यांदा तिचे बळ लांब तरफेच्या टोकाला कमी होऊन पोचते म्हणून. आर्म लांब करताना शॉकचा बोल्ट जागच्या जागी राहिला असेल, तर स्प्रिंगला हात न लावताही पुढची बाजू मऊ झाली आहे.

खालच्या आर्मच्या आतल्या पिव्होटपासून शॉकच्या बोल्टपर्यंतचे आणि बॉल जॉइंटपर्यंतचे अंतर मोजून सांगाल का? जुने आर्म शिल्लक असतील तर त्यांचेही द्या.

मस्कतवासी

जुने आर्म आहेत. पिव्होटपासून बोल्ट दोन्हींत 220 मिमीवर आहे. बॉल जॉइंट जुन्यात 340 मिमीवर होता, नव्यात 390 मिमीवर आहे.

टूलरूम_चाकण

मग हिशेब सोपा आहे. जुने गुणोत्तर 220 भागिले 340, म्हणजे 0.647, आणि त्याचा वर्ग 0.419. नवे गुणोत्तर 0.564, वर्ग 0.318. म्हणजे चाकापाशी स्प्रिंगचा कडकपणा जवळजवळ 24 टक्क्यांनी घटला आहे. शॉक तिरका बसतो, त्यामुळे खरे आकडे दोन्ही बाबतींत आणखी थोडे खाली येतील, पण आपल्याला तुलना करायची आहे आणि तिच्यापुरते हे पुरेसे आहे.

बदल्यात काही मिळालेही आहे. कंपनीच्या मापाने पुढच्या चाकाची उठबस 231 मिमी आहे. शॉकची दबण्याची मर्यादा तीच राहून आर्म लांबल्यामुळे ही उठबस आता साधारण 265 मिमी झाली असेल. तुमच्याकडे अंतर जास्त आहे, पण ते अडवणारे बळ कमी आहे.

प्रीलोडने हे भरून निघत नाही, कारण रिंग आवळल्याने स्प्रिंग कडक होतच नाही. एकसारख्या वेटोळ्यांची स्प्रिंग पुढचा प्रत्येक मिलिमीटर दबायला आधी जितके जादा बळ मागत होती तितकेच नंतरही मागते. फक्त सुरुवात वरच्या बळापासून होते. तळाशी त्याची थोडी मदत होते, परंतु गाडी उंच उभी राहते आणि चाकाला खाली उतरायला जागाच उरत नाही. लाटेच्या पलीकडच्या खळग्यात चाक उतरू शकत नाही, म्हणून ते हवेत राहते. तुम्हाला जाणवलेल्या उड्या त्याच आहेत. चालक बसलेला असताना चाकाच्या एकूण उठबशीचा साधारण तिसरा हिस्सा दबलेला असावा, तुमच्या बाबतीत सुमारे 80 ते 90 मिमी. हे माप बसले की रिंगचे काम संपले.

उपाय म्हणजे सुमारे 30 टक्के कडक स्प्रिंग. मात्र तेवढ्यावर भागणार नाही. डॅम्पिंगसुद्धा (शॉकमधल्या तेलाचा हालचालीला होणारा विरोध) त्याच वर्गाने घटते, कारण पिस्टन तेलातून पूर्वीपेक्षा हळू सरकतो आणि त्याचा विरोध चाकापर्यंत पोचताना पुन्हा कमी होतो. तुमच्या 700आरच्या पुढच्या शॉकवर कॉम्प्रेशन (दबताना होणारा विरोध) आणि रिबाउंड (परत उघडताना होणारा विरोध) या दोन्हींचे समायोजन असेल, तर नवे शॉक घेण्याआधी आहे त्यांवर प्रयोग करता येईल. स्प्रिंग बदलल्यावर रिबाउंड काही क्लिक आवळा, नाहीतर दबलेली कडक स्प्रिंग पुढचा भाग वर फेकेल.

फिनिक्सकर

वरच्या विवेचनाशी सहमत आहे. एका बाबतीत सावध करतो. मी कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूत क्वाड चालवतो. तिथे वर्दळीच्या वाटांवर एकामागून एक येणाऱ्या लाटांच्या रांगा तयार होतात आणि रिबाउंड फार आवळले असेल, तर चाक पूर्ण खाली उतरण्याआधीच पुढची लाट येते, शॉक प्रत्येक लाटेगणिक थोडा अधिक दबलेला राहतो आणि पाचव्या-सहाव्या लाटेला आपटतो. हे आपटणे स्प्रिंग मऊ असल्यासारखे वाटते, पण त्यावर कॉम्प्रेशन आवळणे उलट घातक ठरते. तेव्हा एकाच मोठ्या उडीनंतर आपटतो की रांगेच्या शेवटी, एवढे आधी नीट पाहा. आणखी एक: कॉम्प्रेशनच्या समायोजनावर लिहिलेला ‘हाय स्पीड’ हा पिस्टनचा वेग असतो, गाडीचा नव्हे. सावकाश चालताना दगडावर चाक आदळले तरी पिस्टन वेगातच सरकतो.

हँडलच्या झटक्याबद्दल कोणी बोलले नाही. टाय रॉड आणि ए-आर्म यांची टोके आपापल्या वर्तुळात फिरतात. ही वर्तुळे जुळली नाहीत, तर चाक वर-खाली होताना आपोआप वळते आणि दणका थेट हँडलवर येतो. आर्म दोन इंच लांबले म्हणून टाय रॉडही बरोबर दोन इंच लांबवला, एवढ्यावर भागत नाही. नकलकडच्या टोकाची उंचीही जुन्याइतकीच असायला हवी. तपासणी घरी करता येते. गाडी स्टँडवर घ्या, शॉक काढा, हँडल मध्यावर बांधून ठेवा आणि जॅकने चाक तळापासून माथ्यापर्यंत 50-50 मिमीने उचलत, टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून गाडीच्या बाजूला समांतर ताणलेल्या दोरीपर्यंतचे अंतर मोजा. दोन्ही मापांतला फरक मधल्या पट्ट्यात जवळजवळ स्थिर राहायला हवा.

सांगलीकर_डिझेल

दोन इंच रुंदीच हवी होती, तर चाकांना स्पेसर लावून काम झाले असते. ना आर्म, ना टाय रॉड. एवढा खटाटोप कशाला?

फिनिक्सकर

सांगलीकर, स्पेसरने हँडलचा झटका वाढतो. दोन बॉल जॉइंटमधून जाणारी रेषा जिथे जमिनीला टेकते, त्यापासून टायरचा मध्य जितका बाहेर जाईल, तितकी दणक्याला हँडल फिरवायला लांब तरफ मिळते. आर्म लांब केल्याने ती रेषा चाकाबरोबरच सरकते, म्हणून हे अंतर बदलत नाही. शिवाय स्पेसरने व्हील बेअरिंगवरचा भारही वाढतो. शर्यतीच्या क्वाडची रुंदी 50 इंचांच्या आसपास नेतात ती लांब आर्मनी, यामागे हेच कारण आहे.

टूलरूम_चाकण

मस्कतवासी, तुम्ही ‘लांब करून घेतले’ असे लिहिले आहे. म्हणजे या मापाचे आर्म मुळापासून नवे बनवले, की बाजारातले घेऊन कापून मध्ये तुकडा जोडला? शॉकच्या बोल्टपासून बॉल जॉइंटपर्यंतचा भाग हा एका टोकाला मोकळा असलेल्या तुळईसारखा वाकतो. तो आधी 120 मिमी होता, आता 170 मिमी आहे. तेवढ्याच दणक्याला बोल्टपाशी वाकवणारा जोर 42 टक्क्यांनी वाढला. जोड नेमका त्याच भागात असेल आणि आत स्लीव्ह (आधाराची आतली नळी) न घालता नळीला नळी वेल्ड केली असेल, तर स्प्रिंग नंतर घ्या. आधी रंग खरवडून वेल्डच्या कडेची रेघ भिंगाने पाहा आणि शक्य असल्यास डाय पेनिट्रंटने (बारीक चिरा दाखवणाऱ्या रंगीत द्रवाने) तपासून घ्या. अशी चीर नळीच्या खालच्या अंगाला सुरू होते, जिथे चिखल आणि वाळू चिकटलेली असल्यामुळे सहसा कोणाची नजर जात नाही.

मस्कतवासी

कापून जोडलेले आहेत, जोड बोल्टपासून चार बोटांवर आहे, आणि आत स्लीव्ह आहे की नाही ते वर्कशॉपला सांगता येत नाही. जुने आर्म आजच परत चढवतो. स्प्रिंगचा हिशेब वहीत उतरवून घेतला आहे. कोणी एकसंध लांब आर्म घेतले असतील, तर त्यांत शॉकचा बोल्ट पिव्होटपासून किती अंतरावर येतो, ते कृपया कळवावे. तो बाहेर सरकवलेला असेल, तर कदाचित आहे तीच स्प्रिंग चालेल.

टूलरूम_चाकण

390 मिमीच्या आर्मवर बोल्ट साधारण 252 मिमीवर आला, तर गुणोत्तर जुन्याइतकेच राहील. मात्र बोल्ट बाहेर गेल्याने शॉक अधिक तिरका होईल आणि तो वरच्या आर्मला कुठे घासत नाही ना, हे चाक दोन्ही टोकांना नेऊन पाहावे लागेल. घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून शॉकची अपेक्षित लांबीही विचारून घ्या.