डचांनी चारशे वर्षं ‘नाव आणि रक्त’ राखलं? माझी हरकत

जुनी_दफ्तरं

परवा हडसनकाठ यांनी इथे लिहिलं : "रूझवेल्ट, व्हँडरबिल्ट, व्हॅन ब्यूरेन ही घराणी बघा. डचांनी अमेरिकेत चारशे वर्षं नाव आणि रक्त दोन्ही राखलं. आपली पोरं एका पिढीत स्वतःचं नाव तोडून सांगायला लागतात." त्याखाली ‘अगदी खरं’ म्हणणाऱ्यांची रांग लागली. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

जे नाव राखलं म्हणता, ते आडनाव म्हणून आलंच नव्हतं. रूझवेल्टांचा मूळ पुरुष कागदात क्लास मार्टेन्सन आहे, म्हणजे मार्टेनचा मुलगा क्लास. मागे लागलेलं ‘व्हान रोझेनव्हेल्ट’ हे ठिकाण. ते घराण्याचं आडनाव म्हणून रुळलं ते मुलगा निकोलसपासून. व्हँडरबिल्टांचा मूळ पुरुष यान आर्टसन, डे बिल्ट गावचा. व्हॅन ब्यूरेनांचा कॉर्नेलिस मासेन. 1664 साली डचांची वसाहत, म्हणजे आजचं न्यूयॉर्क आणि आसपासचा मुलूख, इंग्रजांच्या हाती गेली आणि त्यांच्या कारभारात कायमचं आडनाव लागायला लागलं. मग कुणी गाव लावलं, कुणी धंदा, कुणी बापाचंच नाव गोठवलं. सख्ख्या भावांनी वेगवेगळी आडनावं घेतल्याची उदाहरणं आहेत.

आता रक्त. 1624 साली वसाहत चालवणाऱ्या डच वेस्ट इंडिया कंपनीने पहिली कुटुंबं पाठवली, ती बहुतेक वालून, म्हणजे फ्रेंच बोलणारे प्रोटेस्टंट. योरिस रापाल्ये आणि कॅटालिना त्रिको यांनी त्याच जानेवारीत ॲमस्टरडॅममध्ये लग्न केलं आणि लगेच जहाज धरलं. 1625 साली फोर्ट ऑरेंजला, म्हणजे आजच्या ऑल्बनीत, त्यांना सारा झाली. त्यांना एकूण अकरा मुलं झाली आणि आज त्यांचे वंशज लाखांनी मोजतात. ज्या ‘डच’ घराण्यांचा अभिमान सांगितला जातो, त्यांतल्या कित्येकांची आदिमाता ही फ्रेंच बोलणारी बाई आहे. 1643 साली इसाक जोग नावाचा जेझुइट पाद्री मॅनहॅटनला आला, तर चार-पाचशे माणसांच्या वस्तीत अठरा भाषा बोलतात असं त्याला सांगण्यात आलं. यात शुद्ध रक्त कुठे शोधायचं?

हडसनकाठ

माझ्या एका वाक्यावर एवढा मोठा धागा! आडनावाचं ठीक आहे, तपशील चुकला असेल. पण मुद्दा सोडून कागद दाखवता आहात.

मी पंधरा वर्षं ऑल्बनीजवळ राहतो. मार्टिन व्हॅन ब्यूरेन 1782 साली किंडरहूकला जन्मला. डचांची सत्ता जाऊन शंभर वर्षं उलटली होती, तरी घरात डच बोलत. अमेरिकेचा हा आठवा राष्ट्राध्यक्ष इंग्रजी नंतर शिकला. हे राखणं नाही तर काय? न्यू ॲमस्टरडॅमच्या, म्हणजे डचांच्या काळातल्या न्यूयॉर्कच्या, चर्चची बाप्तिस्म्याची वही 1639 पासून आहे : बाप, आई, साक्षीदार. पहिल्या मुलाला एका आजोबांचं नाव, दुसऱ्याला दुसऱ्या आजोबांचं, ही रीत पिढ्यान्पिढ्या चालली. आपल्याकडेही होती. माझ्या नातवाचं नाव मला नीट उच्चारता येत नाही. माझ्या वडिलांचं नाव निदान मधे घाला, एवढंच मागितलं होतं, तेही झालं नाही. बायको दोन दिवस जेवली नाही. तुम्हाला हे कळणार नाही.

माहेरवाशीण

काका, तुमच्या घरचं वाचून वाईट वाटलं. पण बायकांनी कुणाचं नाव राखायचं, हे कुणीच विचारत नाही.

त्याच वहीत नीट बघा. आईचं नाव लग्नाआधीचंच आहे. डच रिवाजात बाई लग्नानंतरही यान्स, पीटर्स, म्हणजे बापाचीच मुलगी राहायची. नवरा-बायको मिळून एक मृत्युपत्र करायचे, मुलींना मुलांइतका वाटा. मार्गारेट हार्डेनब्रुक स्वतःची जहाजं बाळगून व्यापार करत होती. इंग्रजी कायदा आला आणि लग्न झालेल्या बाईचे व्यवहार नवऱ्याच्या नावाखाली गेले.

मी इथे आले तेव्हा शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर बदललेलं, पासपोर्टवर तिसरंच. एका सरकारी खिडकीवरच्या माणसाने मला विचारलं, यातली खरी कोण? अकरा महिने कामाचा परवाना अडकला. लग्नात तांदळात नाव लिहून मला ‘नवी’ केलं, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे नाव राखल्याच्या गोष्टी मला पुरुषांनी सांगू नयेत.

कोकणातला

अवांतर होईल, पण ताई, आपली पद्धत एवढी वाईट नाही. बापाचं नाव मधे आणि गाव मागे. डचांना दोनातलं एक निवडावं लागलं, आपण दोन्ही ठेवली.

जुनी_दफ्तरं

दोन्ही नेहमी नव्हती. पेशव्यांचा शिक्का आठवा : ‘बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’. बल्लाळ म्हणजे बाळाजी, बापाचं नाव. भट हे आडनाव त्यात नाही. क्लास मार्टेन्सन आणि बाजीराव बल्लाळ एकाच घडणीची नावं आहेत.

कोकणातला

शिक्क्यावर नव्हतं म्हणून आडनावच नव्हतं? माझ्या घरची वंशावळ अकरा पिढ्यांची आहे, प्रत्येक पिढीला आडनाव आहे.

जुनी_दफ्तरं

आडनाव नव्हतं असं मी म्हटलेलंच नाही. ती वंशावळ लिहिली कधी आणि कुणी, ते आधी सांगा.

कोकणातला

माझ्या पणजोबांनी लिहिली. आणि त्यांना खोटं पाडायला तुम्ही कोण?

माहेरवाशीण

त्या अकरा पिढ्यांत बायका किती आहेत?

कोकणातला

(बऱ्याच वेळाने) एकही नाही. वंशावळीत लिहीत नसत. तुमचा हा मुद्दा मान्य करावा लागतो.

पण कागद नसला की काय होतं ते मीही पाहिलंय. ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंचं घराणं आनेके यान्सचं, म्हणजे डच वसाहतीतल्या एका बाईचं. त्यांच्या आजीने मरेपर्यंत कुणा एजंटाला पैसे पाठवले, मॅनहॅटनची जमीन परत मिळणार म्हणून. आनेके नॉर्वेत जन्मलेली, पण ती ऑरेंजच्या राजपुत्राची नात अशी कथा पसरवली होती. ती साफ खोटी. जमीन मात्र खरी, 62 एकर. 1671 साली वारसांनी ती इंग्रज गव्हर्नर लव्हलेसला विकली तेव्हा एका मुलाच्या वारसांची सही राहिली. 1705 साली राणी ॲनने ती ट्रिनिटी चर्चला दिली. त्या एका सहीवर विसाव्या शतकापर्यंत दावे चालले आणि माणसं लुबाडली गेली. बाईंनी मला आजीच्या पावत्या दाखवल्या, डबा भरून.

बर्गन_अव्हेन्यू

सकाळपासून वाचतोय. चीड आलीय. आडनावं, वंशावळी, एकर. ती जमीन कुणाची होती हे एकालाही सुचलं नाही?

मी जर्सी सिटीत राहतो. आपले निम्मे लोक जर्नल स्क्वेअरला किराणा आणायला येतात. तिथून पाच मिनिटांवर 1660 ची बर्गनची गढी होती. त्याआधी खाली नदीकाठच्या पाव्होनिया वस्तीत, 1643 च्या फेब्रुवारीत, दुसऱ्या टोळीच्या भीतीने पळून आलेल्या लेनापे, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी, लोकांवर डच गव्हर्नर कीफ्टने रात्री शिपाई घातले. डे व्रीस नावाच्या डच जमीनदाराने लिहून ठेवलंय : मी गव्हर्नरच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी बसलो होतो, मध्यरात्री किंकाळ्या ऐकल्या. इथे ऐंशी आणि पलीकडे मॅनहॅटनच्या कोर्लिअर्स हूकला चाळीस मेले. तान्ही मुलंसुद्धा.

आणि घराणी म्हणता, तर 1644 साली कंपनीने अकरा गुलामांना ‘अर्धं स्वातंत्र्य’ दिलं. वर्षाला धान्य आणि एक पोसलेलं डुक्कर भरायचं. त्यांची मुलं, पुढे जन्मणारीसुद्धा, गुलामच. ही कुटुंबं नव्हती? 1790 च्या जनगणनेत ब्रुकलिनच्या किंग्ज काउंटीत तिसरा माणूस गुलाम होता, बहुतेक डच शेतांवर. माझ्या मुलीला शाळेत डच वसाहतीचा प्रकल्प होता. तिने पवनचक्की आणि ट्यूलिप चिकटवले. मी ते काढायला लावले, ती रडली. तरी मी चुकलो असं मला वाटत नाही.

हडसनकाठ

कीफ्टच्या पापाचा हिशेब माझ्याकडे कशाला मागता? त्याला विरोध करणारेही डचच होते. आनेकेचा दुसरा नवरा बोगार्डस पाद्री त्याच्यावर उघड बोलला. 1647 साली दोघं एकाच जहाजाने परत निघाले, वेल्सजवळ जहाज फुटलं, दोघंही बुडाले.

‘रक्त’ हा शब्द मागे घेतो. तो लिहायला नको होता. भाषेचं मात्र मागे घेणार नाही. शंभर वर्षं परक्या राज्यात घरात डच टिकवलं, ते कौतुकाचंच आहे.

बर्गन_अव्हेन्यू

कौतुक करा, पण सगळ्यांचं करा. गुलामगिरीविरुद्ध लढलेली सोजर्नर ट्रुथ न्यूयॉर्क राज्यातल्या अल्स्टर काउंटीत हार्डेनबर्ग घराण्याची गुलाम म्हणून 1797 च्या सुमारास जन्मली. तिचीही पहिली भाषा डचच. नऊ वर्षांची असताना इंग्रजी बोलणाऱ्या घरी विकली. सांगितलेलं कळेना म्हणून तिने मार खाल्ला. तुमच्या व्हॅन ब्यूरेनपेक्षा तिला ती भाषा जास्त महागात पडली.

हडसनकाठ

हे मला ठाऊक नव्हतं. नऊ वर्षांची पोर. तिचं नाव माझ्या यादीत असायला हवं होतं.

जुनी_दफ्तरं

आडनावांचं वेगळ्या धाग्यावर न्यायचं का? मूळ विषय बाजूला पडतोय.

माहेरवाशीण

हलवू नका. पुढच्या महिन्यात माझ्या पासपोर्टचं नूतनीकरण आहे आणि मी माहेरचं नाव परत लावणार आहे. कुणी केलं असेल तर कुठले कागद लागले ते इथेच सांगा.