उडत्या पक्ष्यांचे फोटो आणि मोनोपॉड: अंबाझरीवर कितपत उपयोगी?

पाणवठा_नागपूर:
नमस्कार. माझ्याकडे निकॉनची २००-५०० एमएम लेन्स आहे. तिचे वजनच सुमारे २.३ किलो असल्यामुळे, हिवाळ्यात अंबाझरी तलावाच्या काठावर कॅमेरा डोळ्याला लावून तलवार बदकांची वाट पाहत राहिले की थवा उठण्याआधीच हात भरून येतात. ट्रायपॉडचे ओझे मला नको आहे. मोनोपॉड (एकाच पायाचा स्टँड) घेतल्यास उडणाऱ्या पक्ष्यामागे कॅमेरा फिरवताना तो आड येईल का, आणि त्यावर बॉल हेड (कॅमेरा सर्व बाजूंना वळवता येणारा गोलाकार सांधा) लावावे की दुसरे काही, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

गोरेवाडा_भटक्या:
मोनोपॉडमुळे फोटो अधिक स्पष्ट येतील, या अपेक्षेने तो घेऊ नका. उडत्या पक्ष्यासाठी शटर स्पीड १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवावाच लागतो आणि त्या वेगाला हाताची थरथर तशीही फारशी जाणवत नाही. खरा फायदा वाट पाहण्यात आहे. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि मग सूर मारतो. तो सूर कधी मारेल याचा नेम नसतो, आणि तोवर लेन्स त्याच्यावर रोखून धरायची तर खांद्यांवर भार नसलेलाच बरा.

बॉल हेड मात्र टाळा. ते सैल ठेवले तर कॅमेरा कुठल्याही बाजूला कलंडतो, आवळले तर वर-खाली करता येत नाही. फक्त वर-खाली झुकणारे टिल्ट हेड घ्या. डावी-उजवीकडची हालचाल मोनोपॉड स्वतःभोवती फिरवूनच होते. पक्षी जिथे टिपायचा त्या दिशेला पावले रोखावीत आणि तो येतो त्या बाजूला कंबरेतून वळून उभे राहावे, म्हणजे त्याच्यासोबत फिरताना शरीर मोकळे होत जाते. आपल्या लेन्सवरील व्हीआरचा (थरथर कमी करणाऱ्या सुविधेचा) 'स्पोर्ट' मोडही वापरून पाहा. आणखी एक: बदके शक्यतो वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उठतात व उतरतात, त्यामुळे वारा पाठीशी असेल तर ती समोरून मिळण्याची शक्यता वाढते.

टेलीवाला_विदर्भ:
वरील प्रतिसाद पाण्यालगत उडणाऱ्या पक्ष्यांपुरता मला मान्य आहे. परंतु घार किंवा बगळा थेट डोक्यावरून गेला, तर मोनोपॉडचा पाय पुढे सरकवून स्वतः मागे झुकावे लागते, आणि त्या कसरतीत पक्षी चौकटीबाहेर निघून जातो. माझ्या मते २००-५०० सारखी लेन्स हातातच धरावी आणि पक्षी जवळ येईपर्यंत ती खाली ठेवण्याची सवय लावून घ्यावी. मोनोपॉडची खरी गरज ६०० एमएम एफ/४ सारख्या अवजड लेन्सला असते.

पाणवठा_नागपूर:
दोघांचेही आभार. डोक्यावरून जाणाऱ्या पक्ष्यांसाठी मोनोपॉड प्रत्येक वेळी काढून ठेवावा लागेल का? शिवाय काठावरच्या चिखलात त्याचे टोक रुतते, असेही ऐकले आहे.

गोरेवाडा_भटक्या:
काढण्याची गरज नाही. तो पूर्ण मिटवून त्याचे टोक कंबरपट्ट्याला लावलेल्या छोट्या पाऊचमध्ये टेकवा. भार कंबरेवर येतो आणि मागे झुकून वर पाहता येते. चिखलासाठी टोकाला रुंद रबरी बूट मिळतो. उघडताना मात्र सर्वांत खालचा, बारीक भाग शक्यतो आतच ठेवा, कारण लवचिकता तिथेच जास्त असते. मोनोपॉड घेतानाच तो भाग न उघडता डोळ्याच्या उंचीला येतो की नाही, हे दुकानात उभे राहून पाहा.