‘फ्रेशमन क्लास’ला मराठीत काय म्हणाल?

पानगळ:
एका क्रीडालेखाचं भाषांतर करतेय. विषय मिशिगन विद्यापीठाचा १९९१-९२चा बास्केटबॉल संघ. ख्रिस वेबर, जेलन रोझ, जुवान हॉवर्ड, जिमी किंग आणि रे जॅक्सन एकाच वर्षी दाखल झाले आणि ‘फॅब फाइव्ह’ म्हणून गाजले. मुळात ‘फ्रेशमन क्लास’ आहे, म्हणजे कॉलेजात त्या वर्षी नव्याने आलेली मुलं. मी ‘नवख्यांची तुकडी’ लिहिलं, तर संपादकांचा शेरा आला: “अंतिम सामन्यापर्यंत पोचले ते नवखे कसले?” सुचवा काहीतरी.

शेवटचा बाक:
संपादकांचं बरोबर आहे. नवखा म्हणजे ज्याला अजून जमत नाही तो. या पोरांनी १९९२च्या फेब्रुवारीत नोटर डेम विद्यापीठाविरुद्ध संघाचे झाडून सगळे गुण केले होते. सरळ ‘एफवायची पोरं’ लिहा, कुणालाही कळेल.

अनुस्वार:
एफवाय हा मराठी शब्द कधीपासून झाला? ‘प्रथम वर्षाचे विद्यार्थी’ म्हणायला जीभ जड होते का? शिवाय आपल्याकडे अकरावीलाही एफवायजेसी म्हणतात. वाचकाला वाटेल, अकरावीची मुलं खेळतायत.

मुक्काम डेट्रॉइट:
‘प्रथम वर्ष’ही फसतं हो. इथे ‘रेडशर्ट फ्रेशमन’ असतो. पहिलं वर्षभर संघासोबत सराव करतो पण सामने खेळत नाही, म्हणजे त्याचं खेळायचं एक वर्ष शिल्लक राहतं. अभ्यासात तो दुसऱ्या वर्षाला, खेळात पहिल्याच. फ्रेशमन म्हणताना मैदानावरची वर्षं मोजतात. आणि हायस्कूलच्या नववीतल्या मुलालाही इथे फ्रेशमनच म्हणतात, तेव्हा अकरावीवरून एवढं बिचकायला नको.

अनुस्वार:
मग ‘नवागत’. संस्कृत, नेटका, कुणाच्या कुवतीबद्दल काही बोलत नाही.

शेवटचा बाक:
‘नवागतांचे स्वागत’ असा फलक डोळ्यांपुढे आला. गुलाबपुष्प देऊन.

वऱ्हाडी ठेचा:
‘फ्रेशर’ चालते न भाऊ. आमच्या कालेजात तेच म्हणत.

पानगळ:
फ्रेशर म्हटलं की आता नोकरी शोधणारा इंजिनिअर आठवतो.

आजीची पिशवी:
आमच्या लहानपणी शब्द होता, लिंबूटिंबू. खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य आलं तरी धरायचं नाही.

अनुस्वार:
हा तर नवख्याहून मोठा अपमान झाला!

मुक्काम डेट्रॉइट:
अपमान खरा, पण इतिहासाला धरून आहे. १९७२-७३च्या हंगामाआधी पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळायची परवानगीच नव्हती. त्यांचा वेगळा संघ असे. १९६५ मध्ये यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या अशा संघाने स्वतःच्याच मुख्य संघाला ७५-६० असं हरवलं. मुख्य संघ तेव्हा राष्ट्रीय विजेता होता! लिंबूटिंबूंमध्ये होता ल्यू अल्सिंडर, पुढचा विख्यात बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार. वर्षभर ते सामने कुठेच धरले गेले नाहीत.

आजीची पिशवी:
बघा!

शेवटचा बाक:
आजी, यूसीएलएची मुलं धरली जात नव्हती, मिशिगनची जात होती. त्यामुळे शब्द १९७२लाच बाद. आणि ‘क्लास’चं काय? ‘वर्ग’ म्हटलं तर फळा-खडू आला. ‘तुकडी’ म्हटलं तर अ, ब, क.

पानगळ:
तुकडी सैन्याचीही असते की. पोलिसांची, गिर्यारोहकांची.

वऱ्हाडी ठेचा:
बॅच म्हणा. संपला विषय.

आजीची पिशवी:
बॅचला आपला शब्द आहे, घाणा. चकल्यांचा पहिला घाणा, दुसरा घाणा. इंग्रजी बॅचही मुळात भाजण्याच्या भट्टीतूनच आलाय.

अनुस्वार:
व्युत्पत्ती मान्य. पण ‘मिशिगनचा सर्वोत्तम घाणा’ छापून बघाच.

मुक्काम डेट्रॉइट:
आता याहून अवघड. ‘वन अँड डन’ला काय? २००६पासून एनबीएच्या, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगच्या, निवडीसाठी वय किमान १९ लागतं आणि अमेरिकन मुलाला शाळा सुटून एक वर्ष व्हावं लागतं. म्हणून ही मुलं कॉलेजात एक वर्ष काढतात आणि जातात. केंटकी विद्यापीठाने २०१२ मध्ये कॅन्ससला ६७-५९ असं हरवून कॉलेजांचं अजिंक्यपद मिळवलं. त्यातले अँथनी डेव्हिस आणि मायकल किड-गिलख्रिस्ट हे पहिल्या वर्षाचेच, आणि लगेच एनबीएच्या निवडीत पहिला आणि दुसरा क्रमांक. २०१५च्या अंतिम सामन्यात ड्यूक विद्यापीठाच्या ६८पैकी ६० गुण चार फ्रेशमननी केले. त्या चौघांपैकी तिघे महिन्याभरात निघाले.

अनुस्वार:
वनस्पतिशास्त्रात शब्द तयार आहे, वर्षायू. झेंडू, भात. ‘वर्षायू खेळाडू’.

शेवटचा बाक:
खेळाडू मेल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा ‘वर्षाचे पाहुणे’.

पानगळ:
माझे पाच जण दुसऱ्या वर्षीही तिथेच होते हो. १९९३च्या अंतिम सामन्यात शेवटचे ११ सेकंद उरले असताना वेबरने टाइमआउट मागितला, संघाकडे एकही शिल्लक नव्हता. तिथे ‘नवखेपणा’ शोभला असता, पण तेव्हा तो एसवायला!

शेवटचा बाक:
बघा, तुम्हीही एसवायच म्हणालात.

वऱ्हाडी ठेचा:
फोटो पाह्यले त्यायचे. ढगळ्या चड्ड्या घालून राहिले न सारे. तवापासूनच आली का ते फॅशन?

मुक्काम डेट्रॉइट:
पसरली त्यांच्यामुळे. काळे मोजे आणि मुंडण केलेली डोकी पण.

अनुस्वार:
‘ढगळ’. विशेषण आकारान्त नाही, त्यामुळे विकार होत नाही. ढगळ चड्डी, ढगळ चड्ड्या.

आजीची पिशवी:
आमच्याकडे ढगळा सदराच म्हणतात. आणि गुडघ्यापर्यंत आली तर ती चड्डी कुठली?

शेवटचा बाक:
थ्री-फोर्थ.

आजीची पिशवी:
थ्री-फोर्थ गुडघ्याच्या खाली उतरते. ही हाफपँटच, दोन मापं मोठी घेतलेली. वाढत्या अंगाची!